मोकळी बाई हवी : अ‍ॅलिस फ्रीमन पामर यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचं प्रकरण

आधी अटी वाचू. अर्जदार मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवीधर हवी. तरुण हवी, म्हणजे नेमणुकीच्या दिवशी वय २६च्या वर नको. प्रकृती चांगली हवी. शिष्यवृत्ती चालू असेपर्यंत लग्न करायचं नाही. आणि शेवटची अट, जिच्यामुळे हे प्रकरण मी लिहायला घेतलं: अर्जदार इतर जबाबदाऱ्यांपासून होता होईल तितकी मोकळी असावी.

अमेरिकेत बॉस्टनजवळ वेलस्ली नावाचं स्त्रियांचं महाविद्यालय आहे. त्याच्या जुन्या माहितीपत्रकांत ‘अ‍ॅलिस फ्रीमन पामर फेलोशिप’ या नावाखाली या अटी छापलेल्या असत. शिष्यवृत्ती १९०३ सालची. वर्षाला साधारण १,००० डॉलर मिळत आणि त्या काळात ही रक्कम भरघोस होती. पैसे घेऊन परदेशी जाता येई, संशोधन करता येई. नुसती मास्तरकीची तयारी करायला ही शिष्यवृत्ती नाही, असंही बजावलेलं असे.

जिच्या नावाने ही शिष्यवृत्ती निघाली ती बाई पॅरिसमध्ये ६ डिसेंबर १९०२ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, एका शस्त्रक्रियेनंतर वारली. वेलस्लीची ती दुसरी अध्यक्ष. (‘पामर’ या आडनावाचा मराठीत होणारा अर्थ वाचकाने क्षणभर बाजूला ठेवावा. बाई कोणत्याच अर्थाने पामर नव्हत्या.)

माझा प्रश्न साधा आहे. अ‍ॅलिस फ्रीमनने स्वतः या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असता, तर तिला ती मिळाली असती का?

अर्जदार : कु. अ‍ॅलिस एल्व्हायरा फ्रीमन

जन्म २१ फेब्रुवारी १८५५, न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्सव्हिल गावी. घरची शेती. चार भावंडांत ती थोरली. ती सात वर्षांची असताना वडिलांनी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, आणि ते दोन वर्षं ऑल्बनीला शिकायला गेले. मागे आईने शेत सांभाळलं, गुरं सांभाळली, चार पोरं सांभाळली. या घरात शिक्षण कुणाच्या तरी कष्टांवर होतं, हे मुलीने फार लवकर पाहिलं.

तिला महाविद्यालयात जायचं होतं. घरच्यांचं म्हणणं, कुवत एकाचीच फी भरण्याची आहे आणि तो एक म्हणजे मुलगा. आपल्याकडे हे वाक्य इतक्या घरांत बोललं गेलंय की भाषांतराचीही गरज नाही. अ‍ॅलिसने त्यावर सौदा केला: मला जाऊ द्या, भावाचं शिक्षण मी पुरं करीन, बहिणींना हवं तेवढं शिकवीन आणि ते होईपर्यंत लग्न करणार नाही. म्हणजे अविवाहित राहण्याची अट तिनेही घातली होती, पण स्वतःवर, आणि जबाबदाऱ्या उचलता याव्यात म्हणून. तिच्या नावाच्या शिष्यवृत्तीत तीच अट जबाबदाऱ्या नसाव्यात म्हणून आली. सगळं प्रकरण या एका फरकात आहे असं मला वाटतं.

१८७२ साली, १७ वर्षांची असताना, ती वडिलांबरोबर मिशिगन विद्यापीठात पोचली. या विद्यापीठाने मुलींना दार उघडून दोनच वर्षं झाली होती. प्रवेश परीक्षेत ती कच्ची ठरली. गावच्या शाळेत जे शिकवलंच नव्हतं ते तिला येणार कुठून? परीक्षकांचा कल नकाराकडे होता. अध्यक्ष जेम्स एंजल यांनी मुलीशी बोलून पाहिलं आणि शब्द टाकला: हिला सहा आठवडे घेऊन तर बघा. सहा आठवड्यांनी कुणी काही बोललं नाही, आणि ती राहिली.

पुढे १८७५ साली घरची ओढाताण टोकाला गेली. तिने वर्ग सोडला आणि इलिनॉयमधल्या ओटावा गावच्या हायस्कूलची मुख्याध्यापकी केली, तब्बल २० आठवडे. वय अवघं विशीचं. परत येऊन मागचा अभ्यास भरून काढला आणि १८७६ साली आपल्याच वर्गाबरोबर पदवी घेतली. मग मिशिगनमधल्या ईस्ट सॅगिनॉच्या हायस्कूलची मुख्याध्यापकी मिळाली. वडील कर्जात बुडाल्यावर आईवडील, भावंडं सगळी तिथे तिच्या पगारावर आली. धाकटी बहीण स्टेला आजारी होती, ती जून १८७९मध्ये गेली. वेलस्लीने याआधी दोनदा बोलावलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा, स्टेला गेल्यावर, ती इतिहास शिकवायला वेलस्लीला गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात फुप्फुसातून रक्त पडलं. डॉक्टरांनी हवापालटासाठी फ्रान्सच्या दक्षिणेला जायला सांगितलं. त्यासाठी लागणारे पैसे तिच्याकडे नव्हते.

आता समितीपुढे हा अर्ज ठेवा. शैक्षणिक पात्रता: प्रवेश परीक्षेत अपुरी. प्रकृती: नाजूक. जबाबदाऱ्या: आईवडील, एक भाऊ, बहिणी, कर्ज. एक गोष्ट मात्र अटीत बसते, लग्न झालेलं नाही. समितीतले लोक भले असले तरी अर्ज बाजूला ठेवतील आणि ‘मुलगी हुशार आहे, पण’ असं काहीतरी म्हणतील.

वेलस्ली

वेलस्ली महाविद्यालय स्वतःच एका शोकातून उभं राहिलेलं. हेन्री ड्युरंट हे बॉस्टनचे नावाजलेले वकील. १८६३मध्ये त्यांचा लहान मुलगा वारला, त्यांनी वकिली सोडली आणि धर्मकार्यात शिरून पैसा मुलींच्या शिक्षणात घातला. महाविद्यालय १८७५ साली सुरू झालं. अध्यक्ष स्त्रीच असेल आणि शिकवणाऱ्याही स्त्रियाच असतील, हा ड्युरंट यांचा हट्ट. हट्टाचं कौतुक करायला हवं, पण कारभारात त्यांचा शब्द शेवटचा असे, हेही खरं. पहिल्या अध्यक्ष एडा हॉवर्ड यांच्या वाट्याला खुर्ची आली, अधिकार बेताचाच.

ड्युरंट ऑक्टोबर १८८१मध्ये वारले. पुढच्याच महिन्यात हॉवर्डबाई पायउतार झाल्या आणि कारभार अ‍ॅलिस फ्रीमनकडे आला. तेव्हा तिचं वय होतं २६. शिष्यवृत्तीच्या अटीत हाच आकडा यावा, हा योगायोगच असणार. ज्या वयाच्या पुढे उमेदवार चालत नाही, त्या वयात ही बाई अख्खं महाविद्यालय चालवायला लागली होती. १८८२मध्ये ती रीतसर अध्यक्ष झाली.

पुढच्या पाच-सहा वर्षांत तिने केलेलं काम कंटाळवाणं वाटेल, पण टिकलं तेच. वेलस्लीच्या आवारात शाळकरी मुलींचा तयारीवर्ग चाले. तो बंद केला. त्याऐवजी ठिकठिकाणच्या शाळांशी संबंध जोडले, म्हणजे मुली तयार होऊनच येतील. प्रवेशाची पातळी वाढवली. विभागप्रमुखांची विद्यासभा नेमली, एकट्या माणसाच्या मर्जीवर चालणारा कारभार सभेपुढे आणला. मुलींना छोट्या छोट्या घरांतून ठेवण्याची पद्धत रुजवली. नोव्हेंबर १८८१मध्येच बॉस्टनमध्ये १७ पदवीधर स्त्रिया जमल्या आणि त्यांनी माजी विद्यार्थिनींची एक संघटना काढायचं ठरवलं. त्या १७ जणींत ही होती. हीच संघटना पुढे अमेरिकन विद्यापीठीय स्त्रियांची देशव्यापी संघटना झाली.

याच सुमारास, मार्च १८८६मध्ये, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना वैद्यकीची पदवी मिळाली आणि पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. आनंदीबाई विवाहित, प्रकृतीने खालावलेल्या. रमाबाई विधवा, पदरी लहानगी मनोरमा. विधवेला ‘अविवाहित’ धरायचं की नाही यावर समितीने वाद घातला असता कदाचित, पण ‘जबाबदाऱ्यांपासून मोकळी’ या अटीवर दोघी सपशेल नापास. आनंदीबाईंना अमेरिकेत पोचवलं ते कुठल्या छापील योजनेने नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने त्यांच्याबद्दल एका मासिकात वाचलं, पत्र लिहिलं आणि घरात जागा दिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

राजीनामा

१८८७ साली अ‍ॅलिसने हार्वर्डमधले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉर्ज हर्बर्ट पामर यांच्याशी लग्न ठरवलं. भाऊ शिकून झाला होता. शब्द पाळला गेला होता. २३ डिसेंबर १८८७ला लग्न झालं आणि अध्यक्षपद सुटलं. वय ३२.

लग्न झालेली बाई अध्यक्ष राहू शकत नाही, असा नियम कुठे लिहून ठेवायची गरजच नव्हती. सगळ्यांना ते उघडच वाटत होतं. वेलस्लीत पुष्कळांना हळहळ वाटली, काहींना राग आला. नवऱ्याला त्याची बोच आयुष्यभर असावी. १९०८ साली त्यांनी बायकोचं चरित्र लिहिलं आणि त्यात या लग्नाचं समर्थन करायला बरीच पानं खर्ची घातली. ज्याला खात्री आहे तो इतकं समजावत नाही.

लग्नानंतर पामरबाई घरी बसल्या असं मात्र झालं नाही. १८८९पासून शेवटपर्यंत त्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळावर होत्या. नवं शिकागो विद्यापीठ उघडत होतं. अध्यक्ष हार्पर यांनी नवराबायको दोघांनाही बोलावलं. नवरा हार्वर्ड सोडेना. मग बाईंनी अट घातली: वर्षातले १२ आठवडे शिकागोत राहीन, बाकीचं काम मॅरियन टॅल्बट बघतील. हार्पर कबूल झाले. १८९२ ते १८९५ त्या तिथे विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता होत्या. अर्धवेळ पद, विवाहित बाई, दोन शहरांत संसार. हे सगळं जमवून दाखवणारी बाई गेल्यावर तिच्या नावाची शिष्यवृत्ती ‘अविवाहित’ या शब्दाला येऊन थांबली.

इथे देणगीदारांची बाजूही मांडायला हवी. १९०३ साली ज्या मुलीचं लग्न ठरलंय तिच्यावर १,००० डॉलर घालायचे आणि वर्षाने ती संसारात गेली की संशोधन संपलं, ही भीती काल्पनिक नव्हती. खुद्द पामरबाईंनीच पद सोडलं होतं. शिवाय अट फक्त बायकांनाच होती असंही नाही. ऑक्सफर्डला शिकायला जाण्यासाठी त्याच सुमारास सुरू झालेली ऱ्होड्स शिष्यवृत्ती पुरुषांसाठीच होती (बायकांना ती १९७७पर्यंत बंद होती), आणि तिथेही लग्न झालेला उमेदवार चालत नसे. फरक पुढे पडे. ऱ्होड्सचा मुलगा दोन-तीन वर्षांनी लग्न करून प्राध्यापक होई. वेलस्लीची मुलगी लग्न करी आणि बहुधा तिथेच थांबे. सारख्या शब्दांची अट दोघांना सारखी पडत नाही.

नावाची वाटणी

३१ जानेवारी १९०३ला हार्वर्डच्या ॲपल्टन चॅपेलमध्ये शोकसभा झाली. त्यात एंजलही बोलले. १७ वर्षांच्या मुलीला सहा आठवडे देणारा माणूस ३० वर्षांनी तिच्या शोकसभेत बोलतोय, हे चित्र मला त्या प्रसंगातल्या बाकी सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

मग स्मारकं सुरू झाली. शिकागो विद्यापीठात मिचेल टॉवरवर तिच्या नावाच्या दहा घंटा १९०८मध्ये बसल्या. वेलस्लीच्या चॅपेलमध्ये डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराचं संगमरवरी शिल्प १९०९मध्ये आलं. त्यात एक प्रौढ स्त्री एका मुलीला पुढे पाठवतेय, मुलीच्या हातात दिवा आहे. मिशिगनमध्ये इतिहासाच्या एका अध्यासनाला तिचं नाव मिळालं. १९६१मध्ये मध्ययुगाच्या अभ्यासक सिल्व्हिया थ्रप त्यावर आल्या.

आणि शिष्यवृत्त्या. अनेकवचन, कारण पदवीधर स्त्रियांच्या त्या संघटनेनेही ‘अ‍ॅलिस फ्रीमन पामर’ याच नावाची आपली वेगळी फेलोशिप काढली. एकच नाव, हेतू निराळा. संघटनेची शिष्यवृत्ती विद्वत्ता सिद्ध केलेल्या बाईसाठी होती. तिच्यामागचा विचार आधीपासून शिजत होता. गणितज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांनी तो सर्वांत चिकाटीने लावून धरला: बायकांना नुसतं शिकू देऊन भागत नाही, शिकलेल्या बाईला संशोधनासाठी वेळ आणि पैसा कोण देणार? पदवीनंतर नोकरी मिळते ती मुलींच्या महाविद्यालयात, तिथे तास घेता घेता प्रयोगशाळा ओस पडते.

१९२९ साली ही संघटनेची शिष्यवृत्ती एमा पेरी कार यांना मिळाली. माउंट होल्योक महाविद्यालयात त्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. जन्म १८८०चा, म्हणजे वय ४९च्या आसपास. वेलस्लीच्या अटीनुसार त्या २३ वर्षं आधीच बाद झाल्या असत्या. त्या शिष्यवृत्तीवर झुरिकला गेल्या, अतिनील किरणांच्या शोषणावरून रेणूंची रचना ओळखण्याचं काम पुढे नेलं आणि परतल्यावर आपल्या विद्यार्थिनींना त्यात ओढलं. १९३७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीने स्त्री-रसायनशास्त्रज्ञांसाठी ठेवलेलं गार्व्हन पदक पहिल्यांदा दिलं, ते त्यांना. योजना म्हणून पाहिलं तर दोन्हींत मला ही उजवी वाटते. विभाग चालवणाऱ्या, तासांनी आणि विद्यार्थिनींनी वेढलेल्या बाईला हिने वर्षभर मोकळं केलं. वेलस्लीच्या शिष्यवृत्तीला आधीच मोकळी असलेली बाई हवी होती.

आपल्याकडे महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात शेवटी ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशा पारितोषिकांची यादी असते. मुद्दल ठेवीत, व्याजातून बक्षीस, आणि व्याजदर घसरले की बक्षिसाचं एक पेन उरतं. रकमेवर आपण हळहळतो. पण ‘मराठीत पहिली येणाऱ्या मुलीस’ असं लिहिताना ती मुलगी पहिली येईपर्यंत टिकली पाहिजे, हे कुणी मनात धरलं होतं का, ते तपासत नाही.

बाबागाडी

आता ज्याची नोंद कुठल्याच माहितीपत्रकात नाही त्या शिष्यवृत्तीकडे येतो.

हार्वर्ड जिथे आहे त्या अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये पामर दांपत्याच्या घराच्या परिसरात एके दिवशी बाईंना एक कृष्णवर्णीय मुलगी दिसली. ती बाबागाडी ढकलत होती आणि एका हातात पुस्तक होतं, रोमन कवी व्हर्जिल, मूळ लॅटिनमधून. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि निरोप समारंभाच्या कपड्यांसाठी कुणाचं तरी बाळ सांभाळून पैसे जमवत होती. नाव शार्लट हॉकिन्स, जन्म १८८३, नॉर्थ कॅरोलायनातलं हेंडरसन गाव. घर लहानपणीच उत्तरेत आलेलं. पामरबाईंनी तिच्या शाळेत चौकशी केली.

पुढे शार्लटला सेलमच्या अध्यापक विद्यालयात जायचं होतं. विद्यालयाच्या माहितीपत्रकात शिक्षण मंडळाच्या सदस्यांची नावं होती, त्यात तिला ओळखीचं नाव दिसलं. तिने पत्र टाकलं. पामरबाईंनी तिचा खर्च उचलला. वय, प्रकृती, लग्नाचा विचार, जबाबदाऱ्या, यांतलं काही विचारायची वेळच आली नाही. रोझेलच्या कार्पेंटरबाईंसारखंच: एकीने दुसरीला पाहिलं, वाचलं आणि पुढचं केलं. एंजल यांनी १८७२मध्ये केलं तेही हेच होतं. आपल्याला जे मिळालं तेच पामरबाईंनी पुढे दिलं.

अर्थात याला पद्धत म्हणता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. बाबागाडी दुसऱ्या गल्लीतून गेली असती तर? व्हर्जिलऐवजी शिवणाचं पुस्तक हातात असतं तर पामरबाई थांबल्या असत्या का? समिती आणि छापील अटी याच लहरीपणावर उतारा म्हणून येतात. प्रश्न समिती असावी की नसावी हा नाही. तो असा आहे: अटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण असतं? वेलस्लीच्या अटींपुढे एक निरोगी, निर्वेध, घरून मोकळी मुलगी होती. १७ वर्षांची अ‍ॅलिस फ्रीमन नव्हती आणि शार्लट हॉकिन्सही नव्हती.

शार्लट पुरता अभ्यासक्रम संपेपर्यंत सेलमला थांबली नाही. १९०१च्या ऑक्टोबरमध्ये एका मिशनरी संस्थेने तिला नॉर्थ कॅरोलायनात सिडॅलिया या खेड्यातल्या शाळेवर पाठवलं. पगार महिना ३० डॉलर, वय १८. वर्षभरात संस्थेने ती शाळाच बंद करायचं ठरवलं. गावकऱ्यांनी तिला थांबायला सांगितलं. १९०२च्या उन्हाळ्यात ती पैसे गोळा करायला उत्तरेत आली आणि पामरबाईंना भेटली. त्या युरोपला निघाल्या होत्या, परत आल्यावर बघू म्हणाल्या. शार्लट परतली आणि ऑक्टोबरमध्ये एका जुन्या लोहारशाळेत तिने आपली शाळा उघडली. डिसेंबरमध्ये पॅरिसची बातमी आली.

तिने शाळेला अ‍ॅलिस फ्रीमन पामर यांचं नाव दिलं. पुढे ती ‘पामर मेमोरियल इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दक्षिणेत वंशभेदाचे कायदे कडक असताना कृष्णवर्णीय मुलामुलींना तिथे महाविद्यालयात जाण्याच्या तोडीचं शिक्षण मिळत होतं, आणि शाळेचं नाव एका गोऱ्या बाईचं होतं. नाव देणाऱ्या बाईने मधल्या काळात लग्न केलं, मोडलं, पुन्हा केलं, भावाची मुलं वाढवली आणि ५० वर्षं शाळा चालवली. ‘जबाबदाऱ्यांपासून मोकळी’ हे तिच्याबाबत कुणी म्हटलं नसतं. शार्लट हॉकिन्स ब्राऊन १९६१च्या जानेवारीत वारल्या. शाळा त्यानंतर दहा वर्षं चालली, १९७१मध्ये बंद पडली. आता ती जागा राज्याने ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहे. तिथे शार्लटबाईंची समाधीही आहे.